पहिलं कोण? अ‍ॅम्स्टरडॅमच्या रांगेत बाद झालेलं माझं प्रकरण

गॅसहाऊडरच्या बाहेर, रात्री अकराच्या सुमारास, रांगेत उभी असताना माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण बाद झालं. तेव्हा मला ते कळलं नाही. उलट मी भलतीच खूश होते. कळायला तीन महिने गेले आणि गाइड मॅडमनी समासात लिहिलेला दोन शब्दांचा शेरा लागला.

संशोधनाच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात की फील्डवर्कमध्ये नक्की काय करायचं असतं. त्याचं एक उत्तर म्हणून ही गोष्ट सांगते. आणि ती सांगता सांगता एका मोठ्या महोत्सवाची चिकित्साही करते, कारण माझी चूक माझीच असली तरी अशी चूक पिकते ती जमीन तिथे तयार आहे.

आधी ठिकाण समजून घेऊ. अ‍ॅम्स्टरडॅम डान्स इव्हेंट, ज्याला सगळे एडीई म्हणतात, दर ऑक्टोबरात पाच दिवस चालतो. १९९६ साली तो सुरू झाला तेव्हा सुमारे तीनशे प्रतिनिधींची छोटी परिषद होती. आज आयोजक सांगतात तो आकडा पाच लाखांच्या घरातला आहे. शहरभर दोनशेच्या आसपास ठिकाणी कार्यक्रम होतात. पॅराडिसो हे पूर्वीचं प्रार्थनास्थळ, मेल्कवेख ही पूर्वीची दुधाची डेअरी, आणि गॅसहाऊडर ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गॅस साठवायची प्रचंड गोल टाकी. रात्री या सगळ्यांतून इलेक्ट्रॉनिक संगीत वाजतं. दिवसा मात्र परिषद असते. तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं हक्क, करार, स्ट्रीमिंग, नवीन यंत्रं यांवर बोलतात. हा कार्यक्रम सुरू करण्यामागे बुमा ही संस्था होती, म्हणजे डच संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी संस्था. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

परिषदेचं अनेक वर्षांचं एक ठिकाण म्हणजे कालव्याकाठचं फेलिक्स मेरिटिस. ही इमारत १७८८ साली एका विद्वत्सभेसाठी बांधली गेली. त्या सभेचे पाच विभाग होते: संगीत, चित्रकला, साहित्य, भौतिकशास्त्र आणि व्यापार. संगीत आणि व्यापार एकाच छपराखाली! मी हे वाचलं तेव्हा वाटलं, एडीईला याहून नेमकी जागा मिळणारच नाही. संगीत आणि बाजार एकत्र आले की संगीत भ्रष्ट होतं, असं सोपं विधान मला करायचं नाही. नाटक कंपन्यांपासून सिनेमापर्यंत आपलंही बरंचसं संगीत तिकिटावरच जगलं आहे. माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो इतिहासाबद्दल आहे.

व्यवस्थापनशास्त्रात एक उपयोगी संकल्पना आहे. जोसेफ लँपेल आणि अ‍ॅलन मेयर यांनी २००८ साली तिची नीट मांडणी केली. मराठीत तिला 'क्षेत्र घडवणारे प्रसंग' म्हणू या. परिषदा, पुरस्कार सोहळे, व्यापारी मेळे यांत एखाद्या क्षेत्रातली माणसं थोडे दिवस एकत्र येतात, आणि त्या थोड्या दिवसांत त्या क्षेत्रात काय महत्त्वाचं, कोण मोठं, सुरुवात कुठून झाली, हे ठरत जातं. कुणी ठराव मांडत नाही. गप्पांतून, मुलाखतींतून, रांगेतून ते पक्कं होतं. एडीई असाच प्रसंग आहे. आणि अशा जागी इतिहास बहुतेक वेळा एकाच रूपात येतो: मूळपुरुषाच्या गोष्टीच्या रूपात. व्यासपीठावरच्या मुलाखतीत तीच गोष्ट मावते. पोस्टरवरही तीच मावते. जुनी तबकडी पुन्हा विकायची असेल तर 'ही पहिली' यासारखं दुसरं वाक्य नाही. आपल्याला हे नवीन नाही म्हणा. घराण्यांच्या गप्पांत मूळपुरुष कोण यावर आपणही रात्री जागवल्या आहेत.

आता रांग. माझ्या पुढे एक डच मुलगा होता. कुठची, त्याने विचारलं. मुंबई, मी म्हटलं. त्याचा चेहरा उजळला. "चरणजित सिंग! अ‍ॅसिड हाऊस तर तुम्हीच शोधलंत!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चरणजित सिंग हे मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदातले वादक. १९८२ साली त्यांनी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली, एचएमव्हीसाठी. तीन यंत्रं, तिन्ही रोलंड कंपनीची: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचे स्वर वाजवणारं छोटं यंत्र. त्यांवर ललित, भूपाली, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, खाली सरळ डिस्कोचा ठेका. तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. पुढे एडो बाऊमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या त्याच्या लेबलने ती पुन्हा काढली. ऐकणारे थक्क झाले. कारण ३०३चा तसलाच ओला, वळवळता आवाज ज्यामुळे प्रसिद्ध झाला, ती शिकागोच्या फ्युचर या गटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ची. मुंबई पाच वर्षं आधी!

रांगेत माझी मान ताठ झाली. परदेशात, थंडीत, कुणीतरी आपल्या शहराचं नाव असं घेतलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी हॉटेलवर परतून पहाटेपर्यंत लिहीत बसले. प्रकरणाचं शीर्षक ठेवलं, 'अ‍ॅसिड हाऊसचा जन्म: मुंबई'. परत आल्यावर चाळीस पानं झाली. मॅडमनी पहिल्याच पानाच्या समासात लिहिलं: "आधी, म्हणून?"

बस, एवढंच. मला राग आला. मग मी तबकड्या घेऊन बसले, आणि ते 'म्हणून' कुठे सापडतंय ते शोधायला लागले.

एखादी गोष्ट दुसरीचं मूळ आहे असं म्हणायचं तर तीन वेगवेगळे दावे सिद्ध करावे लागतात. ही पहिली आधीची आहे का? दोघी सारख्या आहेत का? आणि पहिलीपासून दुसरीपर्यंत वाट आहे का?

पहिल्याचं उत्तर हो. १९८२ हे १९८७च्या आधी येतं.

दुसऱ्याचं उत्तर ऐकताना बदलत गेलं. आवाजाचा पोत सारखा आहे, नक्कीच. पण 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'मध्ये एक छोटी स्वरओळ तशीच फिरत राहते आणि वादक यंत्राचे खटके पिळत राहतो. बदलतो तो आवाजाचा रंग. चरणजित सिंगांकडे रंगापेक्षा स्वर महत्त्वाचे. राग उलगडायचा आहे, चलन सांभाळायचं आहे. ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, ती आपल्या कानाला मींडेजवळची वाटते. म्हणजे शिकागोच्या पोरांनी यंत्राकडून एक गोष्ट मागितली, मुंबईच्या मुरलेल्या वादकाने दुसरी. मग आवाज सारखा का? कारण यंत्र एकच. रोलंडने ३०३ काढलं ते सरावाला बसलेल्या गिटारवादकांना खर्जाची साथ मिळावी म्हणून. ते त्या कामाला फारसं कुणाला रुचलं नाही, १९८४ पर्यंत बंद झालं आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. दोन शहरांतलं साम्य या यंत्राच्या पोटातून आलेलं आहे. संशोधनाच्या भाषेत याला समान कारण म्हणतात: दोन गोष्टी एकमेकींमुळे नव्हे, तर तिसऱ्या गोष्टीमुळे सारख्या दिसतात.

तिसऱ्याचं उत्तर: वाट दाखवणारा एकही पुरावा माझ्या हाताला लागला नाही. माझ्या चाळीस पानांत या वाटेबद्दल एक ओळ नव्हती. तारीख होती, साम्य होतं, आणि मध्ये अभिमान भरलेला होता.

हे झालं तर्काचं. पण मला खरं झोंबलं ते पुढचं. 'अ‍ॅसिड हाऊसचे जनक' म्हटल्यावर चरणजित सिंगांचं मोठेपण वाढतं असं मला वाटत होतं. नीट पाहिलं तर उलटं होतं. त्यांनी स्वतः सांगितलेलं कारण साधं होतं: तेव्हा सिनेमात डिस्कोची चलती होती, तर त्याच डिस्कोत काहीतरी वेगळं करून पाहू. म्हणजे ही तबकडी फिल्मी स्टुडिओच्या जगातून आली, जिथे वादक रोज नवी चाल, नवं वाद्य, नवा आवाज पेलत होते. 'पहिलं अ‍ॅसिड' म्हटलं की ते जग गायब होतं आणि त्यांना किंमत मिळते ती शिकागोच्या मोजपट्टीने. दुसऱ्या बाजूला शिकागोही पुसलं जातं. हाऊस वाढलं ते कृष्णवर्णीय आणि समलिंगी माणसांच्या नाचघरांत. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' तबकडी होण्याआधी रॉन हार्डी या डीजेने टेपवरून म्युझिक बॉक्समध्ये वाजवलं, आणि नाचणाऱ्यांनी ते स्वीकारलं. त्या नाचणाऱ्यांशिवाय तो फक्त खटक्यांचा खेळ उरला असता. माझ्या एका शीर्षकाने दोन्ही शहरांतल्या माणसांना बाजूला सारलं होतं. मुंबईच्या बाजूने बोलतेय असं समजून!

म्हणून एडीईबद्दल माझं मत असं: बाजार कसा चालतो ते समजायला ही उत्तम जागा आहे, आणि रात्रीचं संगीत तर काय सांगावं, गॅसहाऊडरच्या त्या गोल भिंतींत ठेका छातीत वाजतो. पण इतिहासासाठी तिच्यावर विसंबू नका. तिथे ऐकलेली मुळाची गोष्ट पुरावा म्हणून वापरू नका, तिलाच अभ्यासविषय करा. जिथे हक्क, तबकड्या आणि नावं यांचा व्यवहार होतो, तिथे 'पहिलं' या शब्दाला भाव असतो. तो कोण ठरवतं, हा संशोधनाचा प्रश्न आहे.

मी माझा प्रश्न बदलला. 'पहिलं कोण?' हे काढून टाकलं. आता प्रश्न असा आहे: १९८२ साली न खपलेली तबकडी २०१० नंतर 'पहिली' कशी ठरली? चाळीसपैकी सहा पानं वाचली, बाकी गेली. चरणजित सिंगांनी उतारवयात युरोपात जाऊन ते राग रंगमंचावर वाजवले, २०१५ मध्ये मुंबईत ते गेले. त्यांना आता काही विचारता येणार नाही. पण पुनर्प्रकाशनाच्या वेष्टनांवरचा मजकूर, परीक्षणं, मुलाखती, जाहिराती हे सगळं समोर आहे. त्यातून वाट दिसते, आणि ती शिकागोकडे जात नाही, अ‍ॅम्स्टरडॅमच्या रांगेकडे येते.

तुमच्यासाठी एक छोटं काम. आपला प्रस्ताव उघडा. 'पहिला', 'मूळ', 'जनक', 'उगम' हे शब्द जिथे असतील तिथे गोल करा. प्रत्येक गोलाशेजारी तीन खुणा करायच्या: आधी, सारखं, वाट. तिसरी खूण रिकामी राहिली तर घाबरू नका, फक्त तो शब्द तिथून काढा आणि काय उरतं ते पाहा.

आणि फील्डवर असाल तर एक अजून. कुणी आपल्याला आवडेल असं काही बोललं की त्याच रात्री वहीत दोन ओळी लिहा: तो काय म्हणाला, आणि मला काय वाटलं. मी दुसरी ओळ लिहिली नव्हती. लिहिली असती तर कदाचित तीन महिने वाचले असते.

त्या मुलाचं नाव मी विचारलं नाही. पुन्हा भेटला तर मला त्याला एकच विचारायचं आहे: ही तबकडी तुझ्यापर्यंत पोचली कशी?