बार्शी लाईट रेल्वेचा इतिहास : साधनांची चिकित्सा

बार्शी लाईट रेल्वेविषयी आजवर जे लेखन झाले आहे त्याचा बराच मोठा भाग इंग्रजीत असून तो अभियंते व रेल्वेप्रेमी यांच्या हातचा आहे. या लेखनात कष्ट आहेत, तपशिलाची चोख पारख आहे आणि आपल्या विषयावर मनापासून प्रेमही आहे. तरीही ते वाचून झाल्यावर एक शंका मनात राहते. इंजिनाला चाके किती होती हे त्यातून नेमके कळते. त्या गाडीत कोण बसले होते, हे मात्र फारसे कळत नाही. ही उणीव लेखकांच्या रुचीतून निर्माण झाली असे मानणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे मूळ उपलब्ध साधनांत आहे, आणि म्हणून दोष द्यावयाचाच तर तो साधनांची चिकित्सा न करता ती जशीच्या तशी स्वीकारण्याच्या सवयीला द्यावा लागेल.

प्रथम ज्ञात इतिहास थोडक्यात पाहू. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा रुंदमापी मार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत पोचला; परंतु कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी या मार्गापासून सुमारे २१ मैल बाजूला राहिली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा अभियंता १८८२ साली त्या कंपनीच्या सेवेत आला. पुढे त्याच्याच पुढाकाराने १८९५ मध्ये लंडन येथे बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज असा त्याचा विस्तार होऊन एकूण लांबी २०२ मैल झाली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने हा मार्ग विकत घेतला व तो मध्य रेल्वेत सामील झाला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने त्याचे रुंदमापीकरण झाले.

या कहाणीचा नायक कॅलथ्रॉप, हे आता जवळजवळ ठरून गेले आहे. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये आणि इंजिन, प्रवासी डबे, मालडबे या सर्वांचा भार त्याच मर्यादेत बसवावा, हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे वारास तीस पौंडांचा हलका रूळही पुरेसा झाला. लीड्सच्या किट्सन कारखान्याने त्यासाठी आठ जोडचाकांची इंजिने बांधली. कल्पना खरोखर चतुर होती, यात संशय नाही. पण ती आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचली हे विसरता येत नाही. हलक्या रेल्वेविषयी कॅलथ्रॉपने स्वतः लिहिले, ते भांडवलदारांना व सरकारला आपली पद्धत पटवून देण्यासाठी. कारखान्यांच्या याद्या मालाची विक्री सांगतात. कंपनीचे अहवाल भागधारकांना लाभांशाचा हिशेब देतात. ही सर्व साधने प्रामाणिक असतीलही, परंतु ती एकाच बाजूची आहेत. वकिलाच्या युक्तिवादावरून निकालपत्र लिहिले, तर ते कितीही सुबक असले तरी निकालपत्र ठरत नाही.

एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. कॅलथ्रॉपने हाच अनुभव इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात वापरला. तेथील लीक अँड मॅनिफोल्ड हा छोटा मार्ग १९०४ मध्ये सुरू झाला व १९३४ मध्ये बंद पडला. त्याच्या दोन इंजिनांपैकी एकाला कॅलथ्रॉपचेच नाव होते. या मार्गावर मोठ्या मापाचे मालडबे भरलेल्या स्थितीत वाहून नेणारी खास वाहने होती, म्हणजे माल उतरवून पुन्हा भरण्याचा खर्च वाचे. कुर्डुवाडीला मात्र अरुंदमापी डब्यातून रुंदमापी डब्यात माल गेला तो हमालांच्या पाठीवरून. येथे मापांतील अंतर अधिक होते, हे तांत्रिक कारण खरेच. पण कापसाचे गठ्ठे उचलणारी पाठ येथे स्वस्त होती, हेही कारणच आहे. ‘काटकसरीची रेल्वे’ असे जिचे कौतुक होते, तिच्या काटकसरीत हमालाच्या मजुरीचा वाटा किती होता, हा प्रश्न आसभाराच्या गणितातून सुटणार नाही. रेल्वेच्या इतिहासात तो विचारलाही जात नाही, याचे मात्र आश्चर्य वाटते.

दुसरी बाब उद्घाटनाच्या वर्षाची. १८९६–९७ हे सोलापूर जिल्ह्यातील भीषण दुष्काळाचे वर्ष. अभियंत्याच्या कालपटात १८९७ म्हणजे उद्घाटन. जिल्ह्याच्या कालपटात तेच वर्ष दुष्काळी कामांचे. हे दोन कालपट शेजारी ठेवल्याशिवाय मार्ग बांधणारे मजूर कोठून आले व कोणत्या दराने राबले, याचा विचार सुरूच होऊ शकत नाही. मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वेविषयक कागद आणि दुष्काळनिवारणाचे कागद वेगवेगळ्या दप्तरांत पडले आहेत. अभ्यासक बहुधा यांपैकी एकच दप्तर मागवितो.

पंढरपूरच्या शाखेबाबत तर गैरसमज अधिक आहे. ‘यात्रेकरूंची रेल्वे’ हे तिचे वर्णन रूढ असून आषाढी-कार्तिकीच्या गर्दीची, मालडब्यांत बसविलेल्या यात्रेकरूंची दृश्ये चवीने सांगितली जातात. परंतु तिकिटांच्या संख्येवरून यात्रा मोजता येते का? दिंडीबरोबर पायी जाणारा आणि परतीला वाहन धरणारा वारकरी आपल्याला परिचित आहे. कंपनीच्या हिशेबात तो फक्त अर्धा, म्हणजे परतीपुरता, दिसेल. रेल्वे आल्याने वारी मोडली नाही. पायी चालणे हीच जिथे साधना आहे तिथे ती मोडण्याचे कारणही नव्हते. तेव्हा प्रवाशांचे आकडे यात्रेचे माप म्हणून वापरणे धोक्याचे आहे. त्यांच्या जोडीला आरोग्य खात्याचे वार्षिक अहवाल वाचले पाहिजेत. पटकीच्या भीतीने सरकार पंढरपूरच्या गर्दीवर बारीक नजर ठेवून होते, आणि त्या नजरेतही पूर्वग्रह होतेच. पण ते भागधारकांच्या पूर्वग्रहांहून निराळे आहेत. दोन भिन्न पूर्वग्रहांच्या साक्षी ताडून पाहण्यातच अभ्यासकाचे काम सुरू होते.

मौखिक आठवणींविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. लोकांनी ‘रेल्वे’ हा शब्द गाळून ‘बार्शी लाईट’ एवढेच नाव ठेवले, यात जिव्हाळा आहे. गाडी इतकी संथ की चालत्या गाडीतून उतरून शेंगा उपटाव्यात व पुन्हा चढावे, अशा गोष्टी आजही ऐकावयास मिळतात. मात्र असे विनोद प्रत्येक अरुंदमापी मार्गाविषयी सांगितले जातात. त्यांचे मोल लोकभावनेचा पुरावा म्हणून आहे. गाडीच्या वेगाचा पुरावा म्हणून ते घेऊ नयेत.

सर्वांत मोठी पोकळी लातूरच्या बाजूची. लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. एकाच कंपनीची गाडी इंग्रजी मुलखातून निघून संस्थानी मुलखात जात असे, म्हणजे जकात, पोलीस व न्यायाधिकार यांचे प्रश्न येणारच. हैदराबाद संस्थानाचा राज्यकारभार दीर्घकाळ उर्दूत चालला असून ती दप्तरे हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत. मिरजेकडील टोकाला हीच अडचण मोडीच्या रूपाने उभी राहते. लंडनच्या अहवालांवर विसंबणाऱ्या अभ्यासकाला या दोन्ही बाजू बंद आहेत. आणि मराठी अभ्यासकाला त्या उघड्या असूनही त्याने तिकडे पाऊल टाकलेले नाही, हे कबूल केले पाहिजे.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने इंजिनांच्या याद्या पुन्हा तयार करण्यात वेळ दवडू नये. ते काम इतरांनी उत्तम केले आहे. त्याने आधी उर्दू वाचावयास शिकावे, मग मोडी. बार्शी, कुर्डुवाडी व लातूर येथील जुन्या अडत्यांच्या पेढ्यांवर रोजमेळ व खतावण्या शिल्लक असतील तर त्या पाहाव्यात. भाडे, हमाली व वाहतुकीत झालेली तूट यांच्या नोंदी व्यापाऱ्याच्या वहीत ज्या बारकाईने होतात तशा कंपनीच्या अहवालात होत नाहीत. रुळांबरोबर जुनी स्थानके गेली, पेढ्याही एकेक करून बंद होत आहेत, आणि बंद होणाऱ्या पेढीच्या वह्या रद्दीत जातात.