कोशाची कात्री कोणाच्या हाती?

अनेक हातांनी रचलेल्या कोशाविरुद्ध तक्रारी येणारच, आणि चूक असेल तर ती दुरुस्तही व्हायला हवी. प्रश्न असतो तो दुरुस्ती कोणी केली हे वाचकाला कळते का, याचा. त्या दृष्टीने फ्रान्समधील ‘आंसिक्लोपेदी’चा इतिहास पुन्हा तपासण्यासारखा आहे.

दीदरो आणि दालांबेर यांच्या संपादनाखाली १७५१ पासून हा कोश निघू लागला. धर्मपंडितांच्या ओरडीनंतर १७५२ मध्ये राजाज्ञेने पहिल्या दोन खंडांवर बंदी आली. १७५७ च्या सातव्या खंडातील ‘जिनिव्हा’ या दालांबेरच्या नोंदीने तिथले पाद्री संतापले. वाद पेटला आणि दालांबेर संपादनातून बाजूला झाला. १७५९ मध्ये प्रकाशनाचा परवानाच रद्द झाला. पण हे सारे आघात उघड होते. ते कोणी केले आणि कशासाठी, हे जगाला ठाऊक होते. दीदरो त्यांना पुरून उरला. काम पडद्याआड चालूच राहिले.

खरा घाव आतून बसला. १७६४ मध्ये छापून झालेली एक नोंद पाहताना दीदरोला मजकूर गायब दिसला. त्याने मुद्रिते मंजूर केल्यानंतर मुद्रक-प्रकाशक ल ब्रताँ याने धोक्याची वाटणारी वाक्ये गुपचूप कापली होती. या कापलेल्या वाक्यांविरुद्ध कोणी तक्रार केली नव्हती. उद्या होईल ही धास्ती पुरेशी ठरली. ल ब्रताँचे भांडवल अडकले होते आणि तुरुंगाची भीतीही खोटी नव्हती. तरीही नाव लेखकाचे आणि निर्णय मुद्रकाचा, ही वाचकाची फसवणूकच होती.

विकिपीडियावर प्रत्येक बदलाची नोंद राहते. तिथे ल ब्रताँची कात्री लपत नाही. म्हणूनच आता दबावाचा रोख लिहिणाऱ्याच्या ओळखीकडे वळला आहे. २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला आणि आपल्याविषयीच्या नोंदीत फेरफार करणाऱ्यांची माहिती मागितली. ऑक्टोबरमध्ये या खटल्यावरची नोंदही न्यायालयाच्या आदेशाने काढावी लागली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

काढलेली नोंद अशी परत येऊ शकते. पण ओळख उघड होण्याच्या धास्तीने स्वयंसेवकाने लिहिलेच नाही, त्या वाक्याचा इतिहास कुठल्याही पानावर सापडत नाही.