टोळीतला मुलगा आणि परतीची वाट : ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ व ‘उचल्या’ यांचा तुलनात्मक विचार

प्रास्ताविक :
१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा साहित्याच्या अभ्यासकाला सहसा नर्सी नामदेवमुळे आठवतो. परंतु हिंगोलीचे नाव आणखी एका ग्रंथाशी निगडित आहे. निजामाच्या सेवेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर (१८०८-१८७६) यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही इंग्रजी कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोली छावणीतील हरिसिंग या व्यापाऱ्याची हकिकत येते. स्वतः टेलर यांनी ज्याच्याशी व्यवहार केला होता, तो हा प्रतिष्ठित गृहस्थ ठगांचा म्होरक्या निघाला. एका व्यापाऱ्याचा खून करून त्याचा माल त्याने सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघडपणे विकला होता.

सुमारे दीडशे वर्षांनी, १९८७ मध्ये, याच मराठवाड्यातून लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन आले. त्यास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरुण टोळीत कसा जातो आणि तेथून तो परत येऊ शकतो काय, या एकाच प्रश्नाच्या आधारे या दोन कृतींचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमीर अली : घडवलेला गुन्हेगार
टेलर यांचा नायक अमीर अली जन्माने ठग नाही. त्याच्या आईवडिलांना ठगांच्या टोळीने मारले आणि त्याच टोळीतील इस्माईलने त्याला मुलगा म्हणून वाढवले. त्याला माया मिळाली ती मारेकऱ्यांच्या घरात. तरुण वयात त्याला दीक्षेचा गूळ खाऊ घातला जातो, तेव्हा हत्या हे त्याला पाप वाटत नाही. ते घराण्याचे काम वाटते. पुढे अजाणतेपणी तो सख्ख्या बहिणीचाही जीव घेतो. टोळी मुलाला कुटुंब देते आणि त्याचे मूळ कुटुंब पूर्णपणे पुसून टाकते, हे या कथानकातील मर्म आहे.

ठगी ही संकल्पना कितपत वास्तव आणि कितपत ब्रिटिश सत्तेने रचलेली, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ते मान्य करूनही एक विसंगती नोंदवावीशी वाटते. टेलर यांची कथा गुन्हा शिकवला जातो असे दाखवते. पण तत्कालीन शासनाने मात्र तो रक्तात असतो असे मानले. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरून जन्मठेप देता येऊ लागली, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. माफीच्या साक्षीदारांना जबलपूर येथे ठेवून त्यांच्या मुलांना गालिचे व तंबू विणण्याचे शिक्षण देण्यात आले. हाताला काम मिळाले, पण पाळत सुटली नाही.

‘उचल्या’ : शिक्क्याखालचे बालपण
गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याच्या जागी निरनिराळ्या राज्यांत ‘सराईत गुन्हेगार’ विषयक कायदे आले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा आहे. कायद्याचे नाव बदलले तरी पोलिसांची व गावाची नजर बदलली नाही, याची साक्ष ‘उचल्या’ देते. लातूरजवळच्या धनेगावात वाढणाऱ्या या मुलाच्या घरावर पोलिसांच्या धाडी पडतात. वस्तीतील पोरांना चोरीच्या शिक्षणाबरोबर मार सोसण्याचेही शिक्षण मिळते, कारण पोलिसांचा मार हा त्या धंद्याचाच भाग आहे. वडील मुलाला शाळेत घालतात तेव्हा वस्तीत पसरलेल्या आजाराचा दोष त्याच्या शाळेला दिला जातो. बाहेर पडू पाहणाऱ्याला आतले लोक ओढतात आणि बाहेरचे आत ढकलतात. हा दुहेरी ताण गायकवाड कोणताही आव न आणता सांगतात. पुढे सूतगिरणीतील नोकरी आणि कामगार चळवळ हीच लेखकाची परतीची वाट ठरते.

दोन निवेदने :
अमीर अली साहेबासमोर जबानी देतो. त्याच्या बोलण्याचा मोबदला म्हणजे जिवंत राहणे. ऐकणारा मध्येच थांबवून निवाडाही देतो. ‘उचल्या’मध्ये विचारणारा कोणी नाही, लेखक समाजालाच उत्तर देण्यास उभे करतो. जबानीने माणूस फासातून सुटतो, पण शिक्क्यातून सुटत नाही. आत्मकथनाने शिक्का पुसण्याची निदान मागणी तरी होते. ‘उचल्या’चे वाङ्मयीन बळ या मागणीत आहे. काही प्रसंगांची पुनरावृत्ती व शेवटाकडील कार्यवृत्तान्ताचा सूर ही त्याची मर्यादा मानावी लागेल. परंतु ती या मागणीचीच किंमत आहे.

आजचा संदर्भ :
बालन्याय अधिनियम २०१५ मध्ये या दोन्ही कृतींतील प्रश्नांना उत्तर शोधलेले दिसते. मुलांचा बेकायदेशीर कामांसाठी टोळीत वापर करणाऱ्या प्रौढांना कलम ८३ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे दोष अमीरआधी इस्माईलचा मानला आहे. कलम २४ नुसार, घोर गुन्ह्यांतील काही प्रकरणे वगळता, अल्पवयात झालेल्या दोषसिद्धीमुळे अपात्रता येत नाही आणि तिची नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातीआधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार लेखणाऱ्या नियमांवरही न्यायालयाने बोट ठेवले.

मात्र कागदावरील नोंद नष्ट झाली तरी गावाच्या स्मरणातील नोंद कोण नष्ट करणार ? सुटून आलेल्या तरुणाला दुकानदार कामावर घेतो काय, घरमालक खोली देतो काय, महाविद्यालय पुन्हा प्रवेश देते काय, यावर कायद्याचे यश अवलंबून आहे.

निष्कर्ष :
टोळीला तोडण्यासाठी मुलाला टोळीपेक्षा मोठे घर लागते, हे या दोन्ही कृती दाखवतात. अमीर अलीला ते कधी मिळाले नाही. ‘उचल्या’च्या निवेदकाला ते शाळा, गिरणी आणि चळवळ यांत सापडले. ज्या हिंगोलीत म्होरक्या प्रतिष्ठित म्हणून मिरवला, तेथेच वस्तीतला निरपराध मुलगा संशयित ठरू नये, एवढी जबाबदारी या जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांनी स्वीकारली तरी या वाचनाचे सार्थक होईल.