वैद्यनाथ की भैषज्यगुरू? : मध्ययुगीन इतिहाससंशोधनाच्या कसोटीवर एक तर्क

महाराष्ट्राच्या मध्ययुगीन इतिहासाचे संशोधन ज्या विद्वत्परंपरेने उभे केले, तिच्याविषयी बौद्ध वाचकाच्या मनात दोन भावना एकाच वेळी नांदत असतात. एक ऋणाची आणि दुसरी अविश्वासाची. या मंडळींनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली नसती, तर आपल्या पूर्वजांचा उल्लेखही कोठे हाती लागला नसता, म्हणून ऋण. त्या दप्तरांत आपले पूर्वज ज्या रूपाने आले, त्याच रूपाने बहुतेक संशोधकांनी त्यांच्याकडे पाहिले, म्हणून अविश्वास. या अविश्वासाच्या पोटी आपल्याकडे पुष्कळदा एक सोपी वाट धरली जाते. जुने देऊळ दिसले की तो विहार होता आणि देवाच्या नावात बुद्धाच्या एखाद्या विशेषणाची छाया दिसली की तो देव बुद्धच होता, असे विधान करून आपण मोकळे होतो. परळी वैजनाथ हे एकच उदाहरण घेऊन या दोन्ही बाजूंची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तर्काचे स्वरूप

परळीच्या देवाचे नाव वैद्यनाथ, म्हणजे वैद्यांचा स्वामी. महायान परंपरेत भैषज्यगुरू नावाचे बुद्ध आहेत आणि ते रोगमुक्ती देणारे मानले जातात. पालि वाङ्मयातही तथागतांना वैद्याची व शल्यचिकित्सकाची उपमा दिलेली आढळते, आणि विनयपिटकाच्या महावग्गात तर औषधांवर 'भेसज्जक्खंधक' हा एक स्वतंत्र विभागच आहे. मराठवाडा ही बौद्ध लेण्यांची भूमी आहे. अजिंठा, वेरूळ, औरंगाबाद आणि पितळखोरा ही स्थळे याच मुलखातली. तेव्हा परळीचा वैद्यनाथ मूळचा भैषज्यगुरू असला पाहिजे, असा तर्क कोणाच्याही मनात येऊ शकतो. तो मनात येणे गैर नाही. त्याला पुरावा म्हणून मिरविणे मात्र गैर आहे.

या तर्कापुढे पहिलीच अडचण अशी की, 'वैद्यनाथ' या नावाचे स्पष्टीकरण शैव परंपरेत स्वतंत्रपणे उपलब्ध आहे. ऋग्वेदात रुद्राला वैद्यांमधील श्रेष्ठ वैद्य म्हटले आहे. पुढे शिवाचे हे नाव देशभर पसरले. झारखंडमधील देवघर, हिमाचल प्रदेशातील बैजनाथ आणि तमिळनाडूतील वैत्तीश्वरन कोविल ही त्याच नावाची शिवस्थाने होत. त्यांपैकी बैजनाथचे मंदिर इ.स. १२०४ च्या शिलालेखाने निश्चित झालेले शैव मंदिर आहे. एकाच नावाची इतकी शिवस्थाने असताना त्यांपैकी एकच तेवढे बौद्ध ठरविण्यासाठी नावापलीकडचे काहीतरी हाती असावे लागते.

दुसरी अडचण भैषज्यगुरूच्या बाजूची आहे. या बुद्धाच्या उपासनेचा खरा विस्तार तिबेट, चीन आणि जपान या देशांत झाला. नारा येथील याकुशी-जी हे त्याचेच प्रसिद्ध मंदिर. आपल्या लेण्यांतील शिल्पांत बुद्ध, पद्मपाणी, तारा आणि आठ संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर ठळकपणे ओळखता येतात. औरंगाबादच्या सातव्या लेण्यातील अवलोकितेश्वराचा शिल्पपट प्रसिद्धच आहे. भैषज्यगुरूचा असा ठळक ठसा या मुलखात उमटलेला दिसत नाही.

तिसरी अडचण वास्तूची. परळीच्या आजच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी केला. अठराव्या शतकात घडविलेल्या भिंतींना आठव्या शतकाची साक्ष विचारता येत नाही.

तीच कसोटी क्षेत्रमाहात्म्याला

हा तर्क टिकत नाही, एवढ्याने दुसरी बाजू आपोआप सिद्ध होते असे मात्र नाही. परळी हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, हे विधानही इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. ज्योतिर्लिंगांच्या प्रचलित संस्कृत स्तोत्राचे दोन पाठ आहेत. एका पाठात परळीचे नाव येते, तर दुसऱ्या पाठाच्या आधारे देवघर हे खरे स्थान मानले जाते. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी यांच्याशी परळीच्या लिंगाचा संबंध जोडणारी कथा श्रद्धेचा विषय म्हणून ठीक आहे, पण ती देखील नावावरूनच रचलेली कथा आहे. आधी नाव, नावावरून कथा आणि कथेवरून इतिहास, हाच क्रम येथेही आहे. आपण नेमका हाच क्रम उलट्या दिशेने गिरविला, तर माहात्म्यकार आणि आपण यांच्यात पद्धतीचा भेद उरत नाही. केवळ देवाचे नाव बदलते.

कागदाची मालकी

आता संशोधकांच्या समाजाकडे वळू. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे या मालेचे बावीस खंड झाले. १९१० मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेल्या ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये तिची संहिता छापली. ग. ह. खरे यांनी फारसी साधनांचे दालन उघडले. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ मध्ये प्राचीन मराठी कोरीव लेखांचा संग्रह सिद्ध केला. मराठवाड्याचेच सुपुत्र असलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली. हे श्रम थोर आहेत आणि त्यांची थोरवी मान्य करण्यात आपला काहीच कमीपणा नाही.

या परंपरेची मर्यादा मात्र तिच्या साधनांतच होती. कागद कोणाकडे होता? देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, इनामदार आणि मठ-मंदिरे यांच्याकडे. कागद हा हक्काचा पुरावा असल्यामुळे ज्याच्याकडे हक्क, त्याच्याकडेच कागद. 'कागदाशिवाय इतिहास नाही' हे सूत्र शास्त्रीय खरे. पण ज्या समाजाला अक्षर शिकण्याची बंदी होती, त्याच्यापुरता त्याचा अर्थ 'इतिहासाशिवाय समाज' असा झाला. आणि तरीही त्या कागदांत आपले पूर्वज आहेत. गावच्या महजरावर बलुतेदारांच्या निशाण्या असत. दोन गावांत शिवेचा तंटा पडला, तर शीव चालून दाखविण्याचे काम महाराचे असे आणि त्याने चाललेली शीव प्रमाण मानली जाई. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरत होती, त्यालाच त्या हद्दीच्या आत घर बांधता येत नव्हते. या विसंगतीचा स्वतंत्र प्रश्न म्हणून विचार करणारे संशोधक फार उशिरा आले. कागद तोच होता. त्याला विचारावयाचा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

मराठवाड्याच्या वाट्याला आणखी एक दुरावा आला. परळीचा मुलूख देवगिरीच्या यादवांनंतर सुलतानशाह्यांच्या, मोगलांच्या आणि शेवटी १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिला. त्यामुळे या भागाची पुष्कळ साधने फारसीत व उर्दूत आहेत आणि त्यांचा मोठा साठा हैदराबादेस आहे. पुण्याच्या संशोधनाचे लक्ष मराठेशाहीवर अधिक राहिल्याने मराठवाडा उपेक्षित राहिला आणि मराठवाड्यातील महारवाडा तर दुहेरी उपेक्षित राहिला.

बाबासाहेबांची पद्धत

या परिस्थितीला पूज्य बाबासाहेबांनी दिलेले उत्तर आपण नीट समजून घेतले पाहिजे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या सुमारास झाला असा सिद्धांत मांडला आणि अस्पृश्य हे मूळचे बौद्ध असलेले वाताहत झालेले लोक होत, असे प्रतिपादन केले. जेथे दुवे तुटलेले आहेत तेथे संशोधकाने सिद्धांतकल्पना मांडली पाहिजे, अशी भूमिका त्यांनी प्रस्तावनेत स्वच्छ घेतली. परंतु कल्पनेला त्यांनी कल्पना असेच नाव दिले, तिच्यामागचे आधार क्रमाने मांडले आणि टीकाकारांना त्या आधारांची परीक्षा करण्याचे आवाहन केले.

याहून बोलके उदाहरण देहूरोडचे आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी तेथील बुद्धमूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी पंढरपूरचा पांडुरंग म्हणजे बुद्धच होय, असे बाबासाहेब म्हणाले. हे वाक्य आपणा सर्वांना पाठ आहे. त्यापुढचे मात्र आपण विसरतो. या विषयावर आपण प्रबंध लिहिणार असून तो पुरा झाल्यावर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापुढे वाचणार, असा मनोदय त्यांनी व्यक्त केल्याची नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात आहे. या मनोदयाचे महत्त्व मोठे आहे. ज्या विद्वत्सभेने आपल्या समाजाला इतिहासात स्थान दिले नाही, तिच्यापुढेच जाऊन, तिच्याच शस्त्रांनी, पुराव्यानिशी बोलण्याची ती प्रतिज्ञा होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि प्रबंध लिहावयाचा राहिला. आपण घोषणा जपली. प्रबंधाची जबाबदारी मात्र उचलली नाही.

पुढे १९८४ मध्ये रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ आला. त्यांनी विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधले. त्यांचा निष्कर्ष आपल्याला पटो वा न पटो, त्याला उत्तर द्यावयाचे तर त्याच तोडीची साधने हाताळावी लागतील. सभेतील टाळ्यांनी ग्रंथाला उत्तर देता येत नाही. आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत जे घडले, तसे पोथ्यांची नासधूस करून तर मुळीच नाही. ज्यांचा इतिहास आधीच कागदाअभावी हरवला, त्यांनी एकही कागद नष्ट होऊ देता कामा नये.

पुरावा कसा असतो

मध्ययुगात बौद्ध धम्माचे अस्तित्व दाखविणारा पुरावा नाहीच, अशी आपली समजूत असेल तर ती चुकीची आहे. कान्हेरीला नवव्या शतकातील राष्ट्रकूट-शिलाहार काळाचे दानलेख आहेत. कर्नाटकातील डंबळ येथे इ.स. १०९५ च्या लेखात विहाराला व तारादेवीला दिलेल्या दानाची नोंद आहे आणि दाते सोळा व्यापारी आहेत. कोल्हापूरचा शिलाहार राजा गंडरादित्य याच्या शके १०३२ (इ.स. १११०) च्या ताम्रपटात तर तळ्याकाठी शिव, बुद्ध आणि अर्हत या तिघांची मंदिरे बांधल्याचा उल्लेख आहे. बाराव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्राच्या भूमीवर बुद्धाचे मंदिर बांधले जात होते, हे सांगणारा हा एकच लेख शंभर नामसाम्यांपेक्षा मोलाचा आहे.

परळीहून फार दूर नसलेल्या तेरचे उदाहरण यापेक्षाही जवळचे. तेथील त्रिविक्रमाच्या विटांच्या मंदिराचा मागील भाग चैत्यासारखा अर्धगोलाकार आहे. त्यावरून हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत हेन्री कझिन्स यांनी मांडले. त्याविषयी मतभेद आहेत, पण चर्चा आकाराची, विटांची आणि काळाची आहे. तेरच्या उत्खननात स्तूपाचे अवशेष मिळाल्याने त्या चर्चेला पायाही लाभला. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तेरचे प्राचीन अवशेष आयुष्यभर गोळा करणारे रामलिंगप्पा लामतुरे हे विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. पांढरीच्या मातीत सापडलेला प्रत्येक तुकडा जपणारा तो एक गावकरी होता. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेथे उभे आहे.

परळीत काय करावे

परळीच्या परिसरात शोधण्यासारखे पुष्कळ आहे. पंचवीसेक किलोमीटरवरील अंबाजोगाईस यादव सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आहेत. ब्रह्मानंद देशपांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी यादवकालीन लेखांवर केलेले काम मार्गदर्शक ठरेल. परळीतच जगमित्र नागा या संताचे स्थान आहे. त्याची जमीन अधिकाऱ्याने हिरावल्याची आणि त्याने वाघ आणून अधिकाऱ्याला वठणीवर आणल्याची कथा सांगितली जाते. चमत्कार बाजूला ठेवला, तर त्या कथेत जमीन, सत्ता आणि सामान्य माणूस यांच्या संबंधांची खूण उरते. कपिलधारचे मन्मथस्वामी आणि या भागातील वीरशैव परंपरा यांचाही अभ्यास आपल्या दृष्टीने व्हावयास हवा, कारण वर्णव्यवस्थेविरुद्धच्या बंडाचा एक धागा तेथून जातो. बीदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, ही कथा आपल्या आजोबा-पणजोबांनी सांगितली. ती जशीच्या तशी इतिहास म्हणून न सांगता तिची पाळेमुळे फारसी दप्तरांत शोधली पाहिजेत.

या कामाला विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. विहारात आठवड्यातून एक दिवस मोडीचा वर्ग घेता येतो. महारवतनाचे, इनामाचे, वाटणीचे जे कागद घरोघरी पेटीच्या तळाशी पडले आहेत, त्यांच्या प्रती काढून ठेवता येतात. वस्तीतील वृद्धांकडून शिवेच्या खुणा, जुन्या वाटा, पाणवठे यांची माहिती लिहून घेता येते. शेतात नांगराला लागलेला कोरीव दगड शेंदूर लागण्यापूर्वी मोजून, छायाचित्र घेऊन नोंदविता येतो. फारसी शिकण्यास तयार असणारे दोन तरुण जरी एका जिल्ह्यातून निघाले, तरी पुढच्या पिढीचा इतिहास वेगळा लिहिला जाईल.

शेवटी प्रश्न एका देवळाचा नाही. कान्हेरीचा शेवटचा भिक्खू आणि दप्तरात प्रथम दिसणारा महार, या दोघांच्या मधल्या काही शतकांत काय घडले, हा आपल्या अस्तित्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मध्ययुगाच्या इतिहासातच दडलेले आहे आणि ते नामसाम्याच्या घाईने मिळणार नाही. तथागतांनी केसमुत्ति येथील कालामांना केवळ परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे सांगितले. केवळ तर्काला पटते म्हणूनही स्वीकारू नका, हेही त्याच उपदेशात आहे. परळीच्या देवळाकडे पाहताना यातील पहिला भाग आपल्याला लगेच आठवतो. दुसरा भाग स्वतःच्या लेखणीला लावण्याची तयारी झाली, म्हणजे बाबासाहेबांचा तो राहिलेला प्रबंध लिहिण्याची आपली पात्रता सुरू होईल.