अस्तरापासून हातमोजा

थंडीच्या ऐन दिवसांत सकाळी सहा-सव्वासहाला नाशिकमधल्या इंदिरानगरच्या बोगद्यापाशी थोडा वेळ उभं राहावं. मुंबई-आग्रा महामार्गाच्या खालून गोविंदनगरच्या बाजूला निघून पुढे सातपूरच्या कारखान्यांतली पहिली पाळी गाठणाऱ्या दुचाक्यांची तिथे कोंडी होते. गाड्या जेमतेम सरकत असतात, त्यामुळे हँडलवरचे हात निवांत न्याहाळता येतात. सर्वांत जास्त दिसतात ते तिबेटी स्वेटरवाल्यांकडून घेतलेले लोकरीचे विणलेले मोजे. त्यांच्या खालोखाल बायकांचे कोपरापर्यंतचे सुती हातमोजे. ते घेतलेले असतात एप्रिलच्या उन्हासाठी, पण डिसेंबरातही तेच चालवले जातात. एखाद्या दूधवाल्याने रबरी मोज्यावर लोकरीचा चढवलेला असतो. काही जण सरळ पायमोजेच हातात घालतात. ज्यांच्याकडे यातलं काहीच नसतं ते गाडी थांबली की वाकून इंजिनावर तळवे शेकतात. या गर्दीत क्वचितच एखादा खराखुरा रायडिंगचा हातमोजा दिसतो: काळा, लांब मनगटाचा, थंडी आणि पाऊस दोन्हींसाठी शिवलेला. रसग्रहण करायचं आहे ते त्याचं.

आधी ज्याच्याशी त्याचा सामना आहे ती थंडी पाहू. नाशिकची थंडी म्हटली की वर्तमानपत्रं निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला आकडा छापतात, आणि लाटेच्या दिवसांत तो ५ अंशांच्याही खाली गेलेला असतो. शहरात इतकं उतरत नाही. पण दुचाकीवरच्या माणसाची थंडी हवामान खात्याच्या आकड्यावर ठरत नाही. वाऱ्याने जाणवणाऱ्या गारठ्याचं जे सूत्र अमेरिका आणि कॅनडाने २००१ साली स्वीकारलं, त्यात १० अंशांची हवा आणि ताशी ६० किलोमीटरचा वारा घातला की उत्तर येतं सुमारे ५ अंश. हवाच ५ अंशांची असेल तर शून्याच्या खाली. पाथर्डी फाट्याकडे मोकळ्या रस्त्यावर गाडी जरा पळवली की हे गणित बोटांना न मांडताच कळतं.

बोटंच आधी का गारठतात? हातात मांस थोडं आणि पृष्ठभाग भरपूर. छाती गार पडू लागली की शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडतं आणि आतल्या अवयवांची ऊब राखतं. म्हणून जॅकेटची चेन उघडी ठेवून महागडा हातमोजा घालणाऱ्याला त्या मोज्याचा उपयोग नाही. गारठलेल्या बोटाने ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर ताशी ६० च्या वेगात गाडी तेवढ्यात आठ मीटर पुढे जाते. सिटी बस आणि रिक्षांच्या मधून जाणाऱ्याला आठ मीटर म्हणजे काय ते सांगायला नको.

आता तो हातमोजा टेबलावर ठेवू. नजर आधी जाते ती मुठीच्या हाडांवरच्या कडक कवचाकडे. दुकानदारही तेच टकटक वाजवून दाखवतो. माझ्या मते तिथे फार रमू नये. कवच हवंच, पण ते जवळपास सगळ्यांनाच असतं. त्याहून मोलाचा तळव्याच्या बुडाचा, मनगटालगतचा छोटा गुळगुळीत तुकडा. पडताना माणूस नकळत तळवे पुढे करतो. खरबरीत तळवा डांबराला पकडतो आणि सगळा भार मनगटातल्या स्कॅफॉइड या लहानशा हाडावर येतो. त्या हाडाला रक्त कमी पोचतं, त्यामुळे ते मोडलं की लवकर जुळत नाही. गुळगुळीत तुकडा असला तर हात घसरत पुढे जातो. आतल्या लेबलावर मोटारसायकलस्वाराचं चिन्ह आणि ईएन १३५९४ हा युरोपीय मानकाचा क्रमांक असेल, तर शिवणी, घर्षण आणि मनगटाची पकड यांची चाचणी झालेली असते. चिन्हाखालचा १ किंवा २ हा संरक्षणाचा स्तर, आणि सोबत केपी असेल तर मुठीच्या कवचाचीही परीक्षा झालेली आहे. संरक्षणाचा विषय इथेच थांबवतो, कारण या हातमोज्याची खरी करामत त्याच्या थरांत आहे.

थर चार. बाहेर कापड किंवा कातडं, त्याच्या आत पाणी अडवणारा पातळ पडदा, मग उबेचं भरण, आणि शेवटी त्वचेला लागणारं अस्तर. पडद्याचा सर्वांत प्रसिद्ध अवतार गोर-टेक्सचा. १९६९ साली बॉब गोर तापवलेली पीटीएफई या प्लास्टिकची कांडी हलक्या हाताने ताणून पाहत होते आणि ती तुटत होती. वैतागून त्यांनी जोरात हिसका दिला, तर ती न तुटता कितीतरी पट लांबली, आणि ताणलेल्या त्या पदार्थात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब त्यांतून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. हिपोरासारखे इतर पडदेही हेच काम आपापल्या परीने करतात.

हातमोज्यात हा पडदा बसवणं महाकठीण. जॅकेटची पाठ सपाट असते. इथे पाच बोटं, अंगठ्याचा वळसा आणि मधल्या खोबणी. म्हणून बहुतेक वेळा पडद्याची पाच बोटांची वेगळी पिशवी करतात आणि बाहेरच्या कवचात, म्हणजे कापड-कातड्याच्या थरात, ती सोडून टोकांना चिकटवतात. इथे स्वस्त आणि चांगला यांतला फरक उघडा पडतो, आणि तो दुकानात दोन मिनिटांत कळतो. हात थोडा ओला करा, मोजा घाला, मूठ वळा आणि झटकन काढा. स्वस्त मोज्याचं अस्तर बोटांना चिकटून उलटं बाहेर येतं. मग अर्धवट आत, अर्धवट बाहेर अशी ती पाच बोटं पुन्हा जागेवर बसवताना माणूस रडकुंडीला येतो. चांगल्या मोज्यात अस्तर, पडदा आणि कवच टोकाला घट्ट बांधलेले असतात. हात निघतो, अस्तर तिथेच राहतं. मी कोणताही हातमोजा पाहताना सुरुवात या आतल्या टोकापासून करतो. बाहेरची शिवण सगळेच सुबक घालतात. कारागिराचा खरा स्वभाव ज्या जागी गिऱ्हाइकाचा डोळा पोचत नाही तिथे दिसतो.

दुसरी परीक्षा हँडलची. दुकानात हँडल नसेल तर छत्रीची मूठ चालेल. ती धरून मनगट पुढेमागे फिरवा. कवच एकीकडे आणि आतला हात दुसरीकडे सरकत असेल, तर ॲक्सिलरेटर पिळताना नेमकं किती पिळलं ते कळणार नाही. इतक्या थरांचे मोजे अनेकदा असेच निघतात आणि क्लच गोधडीतून धरल्यासारखा लागतो. यावर उत्तम कारागिरांनी दोन तोडगे काढले आहेत. एक म्हणजे पडदा थेट कवचाला चिकटवून टाकायचा. दुसरा अधिक सुंदर: भरण पाठीवर जाड, तळव्यावर नावापुरतं. वारा मुठीच्या पाठीवर येतो, तळवा तर हँडलच्या आडोशाला असतो. मग जाडी तळव्यावर कशाला? तिथे शेळीचं पातळ, चिवट कातडं लावलं की पकडीतली जाण शाबूत राहते. कुठे भरायचं आणि कुठे मोकळं सोडायचं याची ही समज मला थिन्सुलेटसारख्या भरणाच्या लेबलावरच्या ग्रॅमांच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

बोटं थोडी वळलेल्या अवस्थेतच कापलेली असावीत, म्हणजे मूठ धरताना आतल्या बाजूला कापड गोळा होत नाही. माप घेतानाही मूठ वळूनच घ्यावं. घट्ट मोजा जास्त उबदार असतो हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ऊब देते ती भरणात अडकलेली स्थिर हवा. मोजा तंग झाला की ती हवा दबते, वर बोटांचं रक्तही अडतं. मूठ वळल्यावर बोटांच्या टोकाशी किंचित जागा उरावी. फार उरली तर इंडिकेटरचं बटण दाबताना मोज्याचं रिकामं टोकच आधी लागतं.

मनगटाजवळ आणखी एक प्रश्न सुटायचा असतो. लांब कफ जॅकेटच्या बाहीवर चढवायचा की बाहीच्या आत घालायचा? कोरड्या थंडीत बाहीवर चढवला की वारा आत शिरत नाही. पावसात मात्र खांद्यापासून ओघळणारं पाणी बाहीवरून थेट मोज्यात उतरतं आणि पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. मग जलरोधक मोजा पाणी साठवण्याच्या कामी येतो. म्हणून कफ इतका सडपातळ हवा की गरज पडली तर बाहीखाली सरकवता येईल. दोन कफांचे मोजेही मिळतात, एक बाहीच्या आत आणि एक बाहेर. योजना चतुर आहे, पण सकाळी कामावर निघायच्या घाईत त्यासाठी पुरेसा संयम अंगी असावा लागतो. डाव्या तर्जनीवरची रबराची बारीक पट्टी मात्र मला फार आवडते. धुक्यात हेल्मेटची काच पुसण्यासाठी ती असते. उजवा हात ॲक्सिलरेटरवरून हलवता येत नाही, हे शिवणाऱ्याने लक्षात ठेवलेलं असतं.

आता नाशिकचा पेच. आमच्या हिवाळ्यात पाऊस असतो तरी किती? अवकाळी येतो तेव्हा जोरात येतो. २६ नोव्हेंबर २०२३ ला जिल्ह्यात गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या ते विसरण्यासारखं नाही. पण एरवी डिसेंबर-जानेवारी कोरडेच जातात. मग जलरोधक मोज्यासाठी तीन-चार हजार का मोजायचे? कारण जो पडदा पाणी अडवतो तोच वाराही अडवतो, आणि इंदिरानगरच्या माणसाला रोज त्याचा उपयोग होतो तो वाऱ्यासाठीच. लोकरीचा मोजा बसल्या जागी कितीही उबदार असो, ताशी ५० च्या वेगात वारा त्यातून आरपार जातो. दव आणि धुक्याने तो ओलसर झाला की आणखीच वाईट, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता ओढून घेतं.

पेच याच्या पुढे सुरू होतो. सकाळी ९-१० अंशांवर असलेलं हे शहर दुपारी अडीचला २८ अंशांवर गेलेलं असतं. पहिली पाळी सुटते तेव्हा तोच मोजा घालून परत यायचं असतं. लडाखच्या तयारीत घेतलेला जाडजूड मोजा अशा वेळी भट्टी होतो. घामाने ओला झालेला हात, चिकटलेलं अस्तर आणि पुन्हा तीच उलटी बोटं. खारदुंग ला डोळ्यांसमोर ठेवून घेतलेले मोजे द्वारका सर्कलला घामाघूम झालेले मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून नाशिकसाठी माझी पसंती ठरलेली आहे: पडदा चांगला, भरण कमीत कमी, अस्तर घट्ट बांधलेलं. फार थंडी असेल त्या आठवड्यात आत पातळ रेशमी किंवा लोकरी मोजा घालावा आणि दुपारी तो काढून खिशात ठेवावा.

याच पेचावर जर्मनीच्या हेल्ड कंपनीने केलेली एक रचना दाद देण्यासारखी आहे. त्यांच्या ‘एअर एन ड्राय’ या मोज्यात एकाच कवचाखाली दोन कप्पे आहेत. एका कप्प्यात हात घातला की बोटांभोवती गोर-टेक्सचा पडदा, दुसऱ्यात घातला की पडदा बाजूला राहतो आणि वारा खेळतो, तळव्याला कांगारूचं पातळ कातडं. किंमत नाशिकच्या पगाराला झेपणारी नाही आणि भरणही त्यात फारसं नाही, पण एकाच दिवसात दोन ऋतू भोगणाऱ्या गावाची अडचण आल्प्सच्या पायथ्याशी कुणाला तरी समजली याचं मला कौतुक वाटतं.

कसारा घाट वेगळा विचार मागतो. इगतपुरीच्या पुढे पहाटे ढग रस्त्यावर उतरतात आणि मोज्याचं बाहेरचं कापड भिजतं. आत पाण्याचा थेंबही नसतो, तरी हात गार पडतात, कारण भिजलेल्या कापडावरून वारा वाहिला की ते सुकताना उष्णता शोषून घेतं. अशा वेळी पडद्याला दोष देऊ नये. बाहेरच्या कापडावरचं पाणी झटकणारं लेपन उडालेलं असतं. त्याचा फवारा मिळतो, तो मोसमातून एकदा मारावा. कातड्याचा मोजा वाळवताना आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत ठेवावा. गिझरच्या टाकीवर किंवा कडक उन्हात ठेवला तर कातडं कडक होतं आणि शिवणीपाशी तडकतं.

ज्यांना इतका खर्च नको त्यांनी हँडलला हँडगार्ड बसवावेत. मुठीवर येणारा वाराच ते बराचसा अडवतात, मग साधा मोजाही पुरतो. उत्तरेत हँडलवर चढवायच्या जाड पिशव्या मिळतात, त्यांत मोज्याशिवायही हात उबदार राहतो. दिसायला त्या अगदी बेंगरूळ असतात, आणि आमच्याकडे अजून रुजल्या नाहीत त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

विकत घेतल्यावर घरी एक चाचणी अवश्य करावी. आत टिश्यू पेपरचे तुकडे घालून मोजा हातात घालावा आणि मनगटापर्यंत बादलीत बुडवून पाच मिनिटं मूठ उघडत-मिटत राहावं. कागद ओला निघाला तर पावती जपून ठेवलेली असावी. कोरडा निघाला, तर पुढे तीन-चार हिवाळे निश्चिंतीचे. त्यानंतर झिजतो तो बहुतेक उजव्या मोज्याच्या अंगठ्याचा बेचका, जिथे दिवसभर ॲक्सिलरेटर घासतो. डावा तोवर नव्यासारखा असतो. सुटा उजवा हातमोजा विकणारी कंपनी मात्र मला अजून सापडलेली नाही.