दक्षिणा, वर्गणी आणि अनुदान

कलेला पैसा कोणी द्यावा, हा प्रश्न आपल्याकडे निघतो तो बहुधा पैसा मिळाला नाही म्हणजे. मिळालेला पैसा कोणत्या अटींवर मिळाला आणि त्या अटींनी कलेचे काय केले, हे तपासून पाहण्याचे कोणाच्या फारसे मनात येत नाही. वस्तुतः नाटकाची किंवा काव्यसंग्रहाची आपण जशी चिकित्सा करतो, तशीच ती अनुदानाच्या अर्जाचीही करावयास हवी. कारण अलीकडे पुष्कळ कलाकृतींचा पहिला खर्डा त्या अर्जातच लिहिला जातो. बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकाला तर या चिकित्सेची विशेष सोय आहे. 'इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स' ही बिनसरकारी संस्था १९९३ साली याच शहरात स्थापन झाली, आणि १९९५ पासून ती देशभरातील संशोधकांना, कलावंतांना व शिक्षकांना अनुदाने देत आली आहे.

कलेला आश्रय देण्याची चाल या नगरीला तशी नवी नाही. शहाजीराजांच्या येथील दरबारी जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' रचला, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रकाशात आणला. एकाच दरबारात कितीतरी भाषांचे कवी आपापली रचना सादर करीत आहेत, हे त्यातील चित्र आजही मनोवेधक वाटते. मात्र तेथे देणारा आणि ऐकणारा एकच होता. राजाच्या मनास आले की बिदागी मिळे. तो व्यवहार उघड होता, आणि त्याला समितीचे पांघरूण नव्हते.

समिती आली ती दक्षिणेच्या मागोमाग. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. कंपनी सरकारने रक्कम बरीच घटविली, पण प्रथा मोडली नाही. १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी अर्ज केला, की या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना, जात न पाहता, देण्यात यावा. लोकहितवादी या मंडळींपैकीच होते. या खटपटीतून दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. धर्मदायाचे रूपांतर अनुदानात होण्याचा हा आपल्या भाषेतील पहिला मोठा प्रसंग म्हणावयास हरकत नाही, आणि त्याचे श्रेय त्या अर्जदारांना दिलेच पाहिजे.

पण कमिटीची खरी परीक्षा तिने काय छापले यावरून होत नाही, काय परत केले यावरून होते. १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठविले. अडाणी कुणबी जोडपे, त्यांना ग्रहदशेची भीती घालून नाडणारा जोशी, मध्येच बोलून सगळ्यांचे पितळ उघडे पाडणारा विदूषक, आणि शेवटी शिकावयास निघालेले ते नवराबायको, अशी त्याची मांडणी. बक्षीस मिळाले नाही. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नमूद केले आहे. ते नाटक छापील रूपात येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. ज्या कुणब्यांना ते ऐकवायचे होते त्यांच्या कितीतरी पिढ्या मधल्या काळात होऊन गेल्या. कमिटीपुढचा निकष मोठा समंजस होता: ग्रंथ उपयुक्त असावा. प्रश्न एवढाच, की कोणाला उपयुक्त? कुणब्यांना उपयोगी पडणारी गोष्ट कोणती, हे ठरविण्यास त्या मेजाभोवती कुणबी कोणीच नव्हता.

हे जुन्या काळाचे पाप म्हणून सोडून देता येत नाही. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने कोबाड गांधी यांच्या आत्मकथनाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादास पुरस्कार जाहीर केला, आणि थोड्याच दिवसांत तो रद्द करून निवड समितीही बरखास्त केली. पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाचा होता. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य साहित्य संस्कृती मंडळाचे पहिले अध्यक्ष तेच. १८५५ मध्ये समितीने लेखकाला नाकारले, २०२२ मध्ये शासनाने समितीलाच नाकारले. प्रगती झाली असेल तर ती या दिशेने झाली.

राजाश्रय आणि शासकीय अनुदान यांच्या या इतिहासात आपण एक तिसरी गोष्ट विसरतो, ती वर्गणी. गावची जत्रा, सप्ताह, मेळा, हौशी नाटक ही वर्गणीवर उभी राहिली. कीर्तन संपले की आरतीचे ताट फिरे. वर्गणी देणारा स्वतः समोर बसलेला असे, आणि रुपया देऊन तो कुरकुरण्याचा हक्कही विकत घेत असे! अमका सोंगाड्या गेल्या वर्षी बरा होता, हे तो तोंडावर सांगे. या कुरकुरीत जी समीक्षा होती, ती कोणत्याही समितीच्या अहवालात सापडत नाही. अर्थात वर्गणीचेही दोष आहेत. ती गावाला आधीच आवडणाऱ्या गोष्टीलाच मिळते. 'तृतीय रत्ना'ला पुण्यात वर्गणी जमली असती असे समजण्याचे कारण नाही. अनुदानाचे समर्थन होते ते नेमके येथे. गावाने जे अजून मागितलेले नाही, ते करून पाहण्याची मुभा ते देऊ शकते.

या दोहोंची सांगड कशी घालावी, याचा कर्नाटकातील धडा हेग्गोडूचा. शिवमोग्गा जिल्ह्यातील या खेड्यात १९४९ साली निघालेली 'नीनासम' ही मुळात गावकऱ्यांची हौशी मंडळी. के. व्ही. सुब्बण्णांच्या नेतृत्वाखाली ती वाढली, आणि १९८० नंतरच्या वर्षांत फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर तिने 'जनस्पंदन' नावाचा उपक्रम राबवून नाटक व चित्रपट कर्नाटकभरच्या गावांत नेले. परदेशी पैशावर आक्षेप घेणारे तेव्हाही होते, आणि तो आक्षेप पोरकट नव्हता. पण पैसा आला तेव्हा संस्थेला तीस वर्षांहून अधिक काळचा प्रेक्षक होता. अनुदान संपले, आणि हेग्गोडूचे नाटक चालूच राहिले. ज्या संस्थेचा जन्मच अनुदानातून होतो तिचे असे होत नाही. मुदतीबरोबर तीही आटोपते.

इंडिया फाउंडेशनचा 'प्रोजेक्ट ५६०' या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बंगळूरच्या पिनकोडाचे पहिले तीन आकडे त्याच्या नावात आहेत, आणि शहरातील वस्त्या, बाजार, विस्मृत जागा यांच्याशी कलेच्या द्वारे नाते जोडू पाहणाऱ्यांना तो साहाय्य देतो. अर्ज इंग्रजीतच हवा असा संस्थेचा हट्ट नाही, भारतीय भाषांतही तो करता येतो. ही गोष्ट मला रकमेपेक्षा मोलाची वाटते. तरीही अर्ज म्हटला की उद्देश, कालावधी, अंदाजपत्रक ही रांग आलीच. आपल्यापैकी अनेकांनी मेजाच्या पलीकडे बसून अशा रांगा तपासल्या आहेत, उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर न आल्याने हप्ता अडविलाही आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब लागलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. मात्र रात्रभर गोंधळ घालणाऱ्या गोंधळ्याने 'अपेक्षित फलित' या रकान्यात काय लिहावे? तो काही लिहीत नाही. त्याच्या वतीने शहरातला कोणी पदवीधर लिहितो, आणि मग गोंधळी त्या पदवीधराच्या प्रकल्पातील सामग्री होऊन बसतो. समूहाच्या कलेला दिलेला पैसा असा वाटेतच हात बदलतो. येथे कोणाची लबाडी नसते. भाषा ज्याच्या हाती, अनुदान त्याच्या हाती, एवढेच.

आणि परप्रांतातील आपली मराठी मंडळे? त्यांचे मागणे बहुधा उत्सवाचे असते: गणपती, दिवाळी पहाट, पुण्यामुंबईहून येणारे एखादे नाटक. यात गैर काही नाही. परंतु या शहरात बदलीवर आलेल्या आपल्यासारख्यांखेरीज दुसरीही मराठी आहे. भावसार, आरे मराठे, जुन्या पेठांतले शिंपी व रंगारी यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ती बोलली जाते. तिच्यात कानडी क्रियापदे मिसळली आहेत, आणि पुण्याच्या कानाला ती अशुद्ध वाटते. ज्यांना सारा देश रजनीकांत म्हणून ओळखतो ते शिवाजीराव गायकवाड १९५० साली येथल्याच एका मराठी घरात जन्मले. त्या घरांतील ओव्या, लग्नातील उखाणे, मुले निजविण्याची गाणी यांची नोंद करण्यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. पेठेत जाऊन बसण्याची तयारी मात्र लागते. दोन वर्षांनी बदली होणाऱ्या अधिकाऱ्याकडे ती कोठून यावी, असे कोणी म्हणेल. पण अर्ज वाचावयाचा कसा हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो लिहिता येतो. आणि निदान या एका संस्थेपुरता तरी, तो त्या पेठेतील आजीबाईंना वाचून दाखविता येईल अशा मराठीत लिहिता येतो. अर्जदाराच्या नावाच्या रकान्यात त्यांचेच नाव पहिले घालावे, आणि आपले, लागलेच तर, लेखनिक म्हणून खाली.