सिनेमात सुटलेली, कोर्टात न सुटलेली केस

'सेक्टर ३६'मधला सगळ्यात गाजलेला सीन चौकशीचा आहे. प्रेमसिंग (विक्रांत मॅसी) खुर्चीत बसून, जणू ऑफिसमधल्या कामाबद्दल बोलावं तसं, मुलांना कसं मारलं ते सांगतो. इन्स्पेक्टर पांडे (दीपक डोब्रियाल) सुन्न होऊन ऐकतो. मॅसीचं काम जबरदस्त आहे. माझं भांडण त्या कबुलीशी आहे.

आदित्य निंबाळकरांचा हा सिनेमा सप्टेंबर २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्यामागची खरी घटना नोएडातल्या निठारीची. डिसेंबर २००६मध्ये तिथल्या सेक्टर ३१मधल्या एका बंगल्यामागच्या नाल्यात मुलांचे सांगाडे सापडले. त्याआधी कितीतरी महिने वस्तीतले आईबाप पोलीस चौकीत खेटे घालत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. ही बेफिकिरी सिनेमा नेमकी पकडतो. पांडेला जाग येते, ती स्वतःच्या मुलीवर बेततं तेव्हा.

पण प्रेमसिंगच खुनी, हे सिनेमा सुरुवातीलाच दाखवून मोकळा होतो. खऱ्या केसमध्ये ऑक्टोबर २०२३मध्येच अलाहाबाद हायकोर्टानं घरमालकाला निर्दोष सोडलं होतं आणि नोकराला एक सोडून बाकीच्या सगळ्या खटल्यांतून. नोकराचा कबुलीजबाब साठ दिवसांच्या पोलीस कोठडीनंतर घेतलेला होता. अवयवांच्या व्यापाराची शक्यता नीट तपासलीच नाही आणि गरीब नोकराला राक्षस ठरवण्याचा सोपा मार्ग धरला, असे ताशेरे कोर्टानं तपासयंत्रणेवर ओढले. नोव्हेंबर २०२५मध्ये सुप्रीम कोर्टानं उरलेल्या खटल्यातूनही त्याला सोडलं.

म्हणजे कोर्टानं ज्या कबुलीवर विश्वास ठेवला नाही, तशाच कबुलीवर हा सिनेमा उभा आहे. शूटिंग निकालाआधीचं असेल, मान्य. सिनेमाला कल्पनेचं स्वातंत्र्य असतं, तेही मान्य. पण बाँग जून-होनं 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) केला तेव्हाही खुनी सापडलेला नव्हता. तिथे शेवटी डिटेक्टिव्ह थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्याकडे बघतो. उत्तर माहीत नसणं हाच त्या सिनेमाचा कणा आहे.

आमच्या कामात बगचं मूळ न शोधता तिकीट क्लोज करणारे असतात. डॅशबोर्ड हिरवा दिसतो, बग तिथेच असतो. 'सेक्टर ३६' संपल्यावर मलाही तसंच हिरवं वाटलं होतं: राक्षस बघितला, विषय संपला. निठारीतल्या आईबापांसाठी तो संपलेला नाही. त्यांची मुलं कुणी मारली, हे आज कायद्याच्या एकाही कागदावर लिहिलेलं नाही.